सोलापुरात ओळखी कशा वाढवायच्या? मंडळ, भिशी, वाचनालय आणि बाकीचे नेहमीचे प्रश्न

नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून चौदा वर्षांपूर्वी आम्ही जळगावहून सोलापूरला आलो. तीन वर्षं काढायची आणि परत बदली करून घ्यायची, असं ठरलं होतं. आता निवृत्तीनंतरही इथून हलायचं नाही, असं ठरलंय. आमच्या जुळे सोलापूरच्या गल्लीत जो नवा भाडेकरू येतो, तो आठ-पंधरा दिवसांत आमच्याकडे चहाला येतो आणि तेच प्रश्न विचारतो. बँकेतली पोरं असतात, कॉलेजवर नव्यानं लागलेले सर असतात, लग्न होऊन आलेल्या सुना असतात. पोरं पुण्याला गेल्यावर ज्यांना घर खायला उठतं असे आईवडीलही असतात. शेवटी एकदा लिहूनच काढलं.

सोलापुरात आमचं कुणीच नाही. सुरुवात कुठून करू?

नळापासून.

खरंच सांगते. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटर पाइपातून शहरात येतं आणि आपल्या नळाला ते रोज येत नाही. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, कधी त्याहूनही जास्त. वेळेचाही भरवसा नाही. आम्ही आलो त्या पहिल्याच आठवड्यात रात्री सव्वादोनला दार वाजलं. मी घाबरतच उघडलं. समोरच्या अक्का उभ्या, केस मोकळे, हातात बॅटरी. "वहिनी, पाणी आलंय, उठा की! दीड तासात जातंय." मी बादल्या शोधेपर्यंत त्यांनी आपला पाइप आमच्या हौदात सोडलासुद्धा. त्या रात्री साडेतीनपर्यंत सगळी गल्ली ओट्यावर बसली होती. मोटारींची घरघर चालू आणि त्यावर आवाज चढवून गप्पा. मला नऊ बायकांची नावं कळली, कुणाची सून दिवाळीत बाळंत होणार ते कळलं आणि दूध कुणाकडून घ्यायचं नाही तेही कळलं.

तेव्हा आधी एक माणूस शोधा, ज्याला पाण्याची वेळ सगळ्यांच्या आधी कळते. प्रत्येक गल्लीत तो असतोच, त्याची पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याशी ओळख असते. आणि पुढच्या पाळीला तुम्ही कुणाचं तरी दार वाजवा.

आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो. टाकी वॉचमन भरतो. मग?

मग सोसायटीच्या वार्षिक सभेला जा. नियमानं ती ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. बहुतेक ठिकाणी ती पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून होते आणि कोरम भरायला माणसं घरातून ओढून आणावी लागतात. तुम्ही आपणहून गेलात तरी लोक वळून बघतील. भाडेकरूला मत नसतं, पण इतिवृत्त लिहायला कुणीच तयार नसतं. ते "मी लिहितो" म्हणून बघा. पुढच्या महिन्यात सही घ्यायला प्रत्येक दार वाजवायचं अधिकृत कारण तुमच्या हातात असेल.

कानडी नाही, तेलुगू नाही. फक्त मराठीवर निभेल का?

निभेल. मंडईत एकाच पाटीवर चार भाषांत भाव होताना ऐकू येईल तेव्हा गांगरू नका, तुमच्याशी मराठीतच बोलतील. कर्नाटकाची हद्द जवळ, म्हणून कानडी घरोघरी. विणकामाच्या मागावर आलेला पद्मशाली समाज पूर्व भागात, त्यांची तेलुगू. शिवाय दख्खनी उर्दू. ज्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, ती चादर विणणारा, रंगवणारा आणि विकणारा घरी वेगवेगळ्या भाषा बोलत असण्याची शक्यता बरीच.

पण दोन शब्द शिकून घ्याच. कानडी आजींना "आराम अदीरी?" म्हणा, तेलुगू मावशींना "बागुन्नारा?" म्हणा. उच्चार चुकेल, त्या हसतील, दुरुस्त करतील आणि वर तुमचं गाव कुठलं, ते विचारतील. माझा उच्चार चौदा वर्षांत सुधारलेला नाही. अक्का अजून मला त्यांच्या बहिणींपुढे बोलून दाखवायला लावतात.

पोरं मला 'काय बे' म्हणाली. राग मानू का?

नका मानू. 'बे' लागला म्हणजे तुम्ही आत आलात. मात्र तुम्ही लगेच वडीलधाऱ्यांवर तो वापरायला जाऊ नका. आमच्या लेकानं तिसरीत असताना मुख्याध्यापकांना "कुठं जाऊलालाव बे सर" विचारलं होतं. तो 'सर' काही कामाला आला नाही.

गणपती मंडळात बाहेरच्या माणसाला घेतात का? तिथं सगळे लहानपणापासूनचे मित्र असतात.

असतात, आणि आरती झाल्यावर ते एका कोंडाळ्यात उभे राहतात, नवा माणूस प्रसाद घेऊन बाजूला. मी दोन वर्षं अशीच बाजूला उभी होते. आरतीला जाऊन ओळख होत नाही. ओळख होते ती मांडव घालताना आणि त्याच्या आधी महिनाभर, सरावात.

सोलापूरची विसर्जन मिरवणूक लेझमाची. श्रावण लागला की रात्री नऊच्या सुमाराला शहरभर कुठून ना कुठून तो छुम्-छुम् आवाज सुरू होतो. शाळेचं मैदान, देवळापुढची मोकळी जागा, नाहीतर सरळ रस्ता. हलगीवाला कडेला, शिट्टीवाला मध्ये. तिसऱ्या वर्षी आमच्या भागात बायकांचं पथक निघालं आणि मी, वय एक्केचाळीस, गुडघे कुरकुरणारे, जाऊन उभी राहिले. पहिल्या दिवशी 'चार आवाज' सुद्धा जमेनात. सगळ्यांचे दांडे वर, माझा खाली. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात फोड आला, तो फुटला, पुन्हा आला. शेजारी उभी राहणारी पोरगी माझ्या निम्म्या वयाची, रविवारी बेकरीत कामाला जाणारी. तिनं खिशातून चिकटपट्टी काढून माझ्या हाताला गुंडाळली आणि म्हणाली, "काकू, मनात मोजू नका, मोठ्यानं मोजा." पंधराव्या दिवशी माझा दांडा सगळ्यांबरोबर वर गेला. त्या मुलीच्या लग्नात मी रुखवत मांडलंय.

लेझीम जमणार नसेल तर पाणी वाटा, वाहतूक आवरा, हिशेब लिहा. हिशेब लिहिणाऱ्याला मंडळ सहसा सोडत नाही. आजोबा गणपतीसारखी जुनी मानाची मंडळं आहेत. लोकमान्यांच्या आधीपासूनचा आमचा गणपती, असं सोलापूरकर अभिमानानं सांगतात. पण ओळखीसाठी मोठ्या मंडळामागे धावू नका. वीस-पंचवीस जणांचं, कोपऱ्यावरचं मंडळ बघा. मोठ्या मंडळात तुम्ही गर्दी असता.

डीजेवर नाचणाऱ्या मंडळाबद्दल माझं मत विचारू नका. तिथं शेजारच्याचं नाव विचारायचं म्हटलं तरी ऐकू येत नाही.

वर्गणी किती द्यावी? पावती मागितली तर वाईट दिसेल का?

ऐपतीनं द्या आणि पावती मागाच. नोंदणी नसलेल्या मंडळालाही उत्सवासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ क कलमाखाली. चांगली मंडळं तो परवाना क्रमांक पावतीवरच छापतात. तेवढा बघा. नवीन आहात म्हणून कुणी आकडा सांगून अडून बसलं, तर "मांडवात येऊन देते" म्हणावं. मांडवात चारचौघांसमोर आवाज आपोआप खाली येतो.

भिशी म्हणजे नक्की काय? लावावी का?

बारा बायका. दरमहा प्रत्येकीचे हजार. महिन्याला बारा हजार जमतात, ते एकीला मिळतात. कुणाला, ते चिठ्ठीवर. ज्यांना मिळाले त्यांची चिठ्ठी पुढच्या महिन्यात नाही, पण हजार मात्र चालूच. वर्ष संपलं की सगळ्यांना एकेकदा मिळालेले असतात. व्याज नाही, नफा नाही. कुणी फ्रीज घेते, कुणी मुलाची फी भरते.

आमची दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, डबा खळखळ हलवायचा आणि घरातल्या सगळ्यात लहान पोराकडून चिठ्ठी काढायची. ज्या घरी बैठक त्या घरी खाणं: शेंगापोळी, धपाटे, उन्हाळ्यात नुसतं ताक आणि कडक भाकरीचा चुरा शेंगाचटणी घालून. पैशाचा व्यवहार दहा मिनिटांत संपतो. उरलेले दोन तास आपापली दुखणी. एकीच्या गर्भाशयाचं ऑपरेशन, एकीच्या मुलाचं दुसऱ्यांदा नापास होणं. डॉक्टर कुठला, शिकवणी कुठली, भांडीवाली कुठली, हे मला आजवर भिशीतच कळलंय. गल्लीत राहून जेवढं कळत नाही तेवढं तिथं कळतं.

आता दुसरी बाजू. मी एकदा बुडालेय. हौसेनं दुसऱ्या भागातली मोठी भिशी लावली, वीस जणींची, दोन हजारांची. चालवणाऱ्या बाईंना मी दोनदाच भेटले होते. सातव्या महिन्यात त्या भावाकडे हैदराबादला गेल्या त्या गेल्याच. माझा नंबर लागला नव्हता, चौदा हजार गेले. नोंदणीकृत चिट फंडांसाठी १९८२ चा कायदा आहे. बायकांची भिशी नुसत्या शब्दावर चालते, कागद नसतो, कुठं दाद मागणार? नवऱ्याला मी चार महिने सांगितलं नाही. भिशी जिच्याकडे आहे तिच्या स्वयंपाकघरात तुम्ही जाऊन आला असाल, तरच लावा. आणि जेवढे गेले तरी झोप उडणार नाही तेवढ्याचीच लावा.

भिशी आणि बचत गट एकच ना?

नाही. बचत गटात दहा ते वीस बायका, बँकेत गटाचं खातं, दर बैठकीचा ठराव, हिशेबाच्या वह्या. पैसे गटातच कर्जाऊ फिरतात, त्यावर व्याज ठरतं, आणि गट नियमित चालला की बँकही कर्ज देते. इथं गप्पा कमी, कामं जास्त. काही उद्योग करायचा असेल, शेंगाचटणी, पापड, शिवण, तर बचत गटात जा. मन मोकळं करायचं असेल तर भिशी. दोन्हीतही असलेल्या बायका पुष्कळ आहेत आणि त्या दोन्हीकडे वेगळ्या वागतात.

मला गर्दी, देव, ढोल काहीच झेपत नाही. मी वाचणारा माणूस आहे.

हिराचंद नेमचंद वाचनालयात नाव घाला. अनामत आणि वर्गणी भरा, पुस्तक घ्या, आणि (हे महत्त्वाचं) पुस्तक घेऊन लगेच घरी पळू नका. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी रोज ठरलेल्या वेळेला येणारे काही लोक असतात. पहिले पंधरा दिवस कुणी मान वर करणार नाही. मग एक दिवस तुम्ही गेला नाहीत की त्याच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारेल, "काल दिसला नाहीत?" झालं काम. कथा-कवितांचे, व्याख्यानांचे कार्यक्रम शहरात होत असतात, तिथं हेच चेहरे पुन्हा दिसतात. २००६ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात झालं. त्या संमेलनात सतरंज्या उचललेली माणसं अजून त्याच्या गोष्टी सांगतात, कधीतरी ऐका.

नाटकाचं वेड असेल तर हुतात्मा स्मृती मंदिर. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, या सोलापूरच्या चौघांच्या नावानं ते आहे. व्यावसायिक नाटक बघून घरी याल तर कुणी भेटणार नाही. स्पर्धेच्या नाटकांना जा. प्रेक्षक कमी, त्यातले निम्मे दुसऱ्या संघाचे. मध्यंतरात चहाच्या टपरीवर अर्ध्या तासात जी चिरफाड चालते, तिच्यात नुसतं "मला दुसरा अंक नाही पटला" म्हटलंत तरी चार जण वळतात. प्रकाशयोजनेला, कपडेपटाला, नेपथ्य उचलायला हात कायम कमी असतात.

आणि सकाळी उठणाऱ्यांसाठी?

इथला उन्हाळा चाळिशीच्या पुढं जातो, त्यामुळे शहराचं सगळं शहाणपण सकाळी साडेपाच ते साडेसात या वेळेत असतं. सिद्धेश्वर तलावाच्या काठानं, किल्ल्याच्या बागेत, संभाजी तलावाशी चालणारे, हसणारे, प्राणायाम करणारे असे सगळे गट. हास्य क्लब १९९५ मध्ये मुंबईत पाच माणसांनी सुरू झाला म्हणतात. इथल्या बागेत तो बघितला तेव्हा मला वाटलं, ही सगळी माणसं भांडतायत. एकदा त्यांच्यात उभं राहिलं की पाचव्या मिनिटाला खरंच हसू येतं, ते शेजारच्याचं तोंड बघून.

पक्षी बघणाऱ्यांचं वेगळं जग आहे. सोलापुरात जन्मलेले, जंगल आणि पक्ष्यांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली हे २००६ च्या त्याच संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून तो आठवडा राज्यात पक्षी सप्ताह असतो. नव्या माणसानं यायला तो आठवडा उत्तम, कारण त्या दिवसांत जाणकार लोक नवख्यांना सोबत नेतात आणि चिडत नाहीत. हिवाळ्यात हिप्परगा तलावावर पाहुणे पक्षी उतरतात. बार्शी रस्त्याला नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. माळढोक दिसेल या आशेवर जाऊ नका, तो आता दिसणं म्हणजे लॉटरी. काळवीट दिसतील, गवताचा वास येईल, आणि गाडीत शेजारी बसलेल्या माणसाशी जाऊन-येऊन दोन तास बोलणं होईल. दुर्बीण नसली तरी चालते. असलेल्यांना ती दुसऱ्याला द्यायला आवडते.

मी देव मानत नाही. मग यात्रा, पालख्या यांत माझं काय काम?

काम पुष्कळ आहे, श्रद्धेचं कुणी विचारत नाही.

आश्विनात कोजागरीच्या वेळी सोलापूरहून तुळजापूरला लोक पायी जातात. पंचेचाळीसेक किलोमीटर, रात्रभर. हजारो लोक, पुष्कळसे अनवाणी, रस्ता वाहनांना बंद. वाटेत मंडळांचे, कंपन्यांचे, नुसत्या घरांचे मांडव: चहा, केळी, साबुदाणा खिचडी, पायाला चोळायला तेल. मी एकदा चालले, घाटाच्या अलीकडेच माझे पाय गेले. एका मांडवात बसले. तिथं खिचडी वाढणाऱ्या माणसानं माझ्या हातात झारा दिला आणि म्हणाला, "बसूनच वाढा, उभं राहू नका." पहाटे चारपर्यंत वाढली. त्यानंतर मी दरवर्षी जाते, चालत नाही, त्या मांडवात वाढायला जाते. आमच्या त्या मांडवात एक पक्के नास्तिक मास्तर आहेत, कांदा-मिरचीचा हिशेब त्यांच्याकडे असतो.

आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी सोलापुरात मुक्कामाला असते, तेव्हाही हेच. वारकऱ्यांच्या चपला शिवून देणारे, दाढी-कटिंग करून देणारे, पाय दाबून देणारे दिसतील. तुम्हाला जे येतं ते घेऊन जा. शिवणयंत्र असेल तर पिशव्यांचे बंद शिवून द्या.

संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा ही सगळ्यांत मोठी. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, अक्षता सोहळा, होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे यात्रेतली जत्रा. नंदीध्वज पेलणं हे मानाचं काम, ते ठरलेल्या घराण्यांचं आणि समाजांचं, तिथं हौसेनं घुसायचं नसतं. पण यात्रेआधी गल्लीबोळांतून या नंदीध्वजांच्या काठ्यांचा सराव चालतो तो बघायला रात्री बाहेर पडा. बघणाऱ्यांच्या घोळक्यात कुणीतरी आजोबा तुम्हाला कुठली काठी कुणाची ते सांगायला लागतील. त्यांना मध्ये तोडू नका. आणि गड्ड्यावर एकट्यानं जाऊ नका, शेजारची पोरं बरोबर न्या. पाळण्यात बसवून आणलेलं पोर वर्षभर तुम्हाला लांबून हाक मारतं.

पूर्व भागात खोली मिळालीय. तिथं वेगळं काही आहे का?

नशीबवान आहात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो, त्या दिवशी घरात बसू नका. नवरात्रात बायकांची बतकम्मा असते, झेंडू-शेवंतीचा थरांवर थर रचलेला मनोरा मध्ये ठेवून भोवती फेर धरतात. मला वाटलं होतं, बाहेरून बघावं. एका आजींनी हात धरून फेरात ओढलं. गाण्याचा एक शब्द कळला नाही, टाळ्या मात्र जमल्या. आपल्या भोंडल्यासारखंच आहे की! त्यांनी दुसऱ्या दिवशी फुलं निवडायला बोलावलं. फुलं निवडताना जे बोलणं होतं ते फेरात होत नाही.

सासरे गावाहून आलेत. दिवसभर गॅलरीत बसून असतात. त्यांचं काय करू?

साठ पूर्ण असतील तर जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ बघा. राज्यभरच्या अशा संघांचा फेस्कॉम नावाचा महासंघ आहे, शहरातल्या बहुतेक मोठ्या वसाहतींत एखादा संघ असतोच. वाढदिवस, सहली, डॉक्टरांची भाषणं, आणि कॅरम.

पण त्यांना "संघात जा" म्हणून पाठवू नका. पुरुष माणूस म्हातारपणी नव्या जागी एकटा पायरी चढत नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा इथल्या माणसांच्या ओळखी भोंग्यावर होत: पाळी सुटली की खात्यातली माणसं बरोबर चालत घरी. लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली, तशा त्या चालण्यातल्या ओळखीही गेल्या. त्या पिढीतला कुणीतरी आजोबा तुमच्या गल्लीत नक्की असेल. त्यांना सांगा, "आमच्या सासऱ्यांना उद्या बरोबर न्याल का?" हाक मारायला दारात माणूस आला की चप्पल पायात जाते. आमच्या सासऱ्यांना गल्लीतल्या अशाच एका आजोबांनी, अण्णांनी नेलं. पहिले आठ दिवस दोघं फक्त शेतीवर भांडत होते, ज्वारीवरून. नंतर आम्हीच त्यांची वाट बघत जेवण झाकून ठेवायला लागलो.

माझी शिफ्ट असते. रविवार सोडून वेळच नाही.

मग फक्त एक गोष्ट करा, पण ठरलेल्या वेळी करा. दर रविवारी सहा वाजता त्याच कोपऱ्यावर, त्याच सायकल गटाबरोबर. तीन ठिकाणी अधूनमधून तोंड दाखवणारा माणूस कुणाच्याच लक्षात राहत नाही. आणि वर्षात एकदा रक्तदान शिबिर गाठा, त्यानंतरच्या चहा-बिस्किटाच्या पंधरा मिनिटांत माणसं फार मऊ असतात.

मंडळात राजकारण असतं म्हणे.

असतं. निवडणूक आली की अध्यक्ष अचानक रोज दिसायला लागतात, टी-शर्टावर फोटो येतात. पहिली दोन वर्षं कुणाच्या बाजूनं बोलू नका, कुणाच्या गाडीत बसून सभेला जाऊ नका. खुर्च्या लावा, खुर्च्या उचला. कुणाची बाजू घेतली, हे लोक दहा वर्षं लक्षात ठेवतात.

जॉइन झालो, पण तिथली माणसं पटली नाहीत. कसं सोडू?

उत्सवाच्या आधी सोडू नका, नंतर सोडा. हातातला हिशेब, किल्ल्या, पावतीपुस्तक चारचौघांसमोर परत करा. कारण घरचं सांगा. सगळ्यांना कळतं की ते खरं नाही, आणि सगळे ते मान्य करतात. तीच माणसं पुढं मंडईत भेटायची आहेत.

आमचाच एखादा गट काढला तर? नोंदणी लागते का?

दहा जण मिळून चालायला, वाचायला, गाणं म्हणायला काहीही लागत नाही. पैसे गोळा करायचे, बँकेत खातं काढायचं, सभागृह घ्यायचं अशी वेळ आली की संस्था नोंदवा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि आपल्या राज्यात त्याच संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंदणी होते. दोन्हीसाठी धर्मादाय कार्यालयच. नंतर दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात, ते लोक विसरतात आणि मग धावतात. माझं म्हणाल तर पहिलं वर्ष नोंदणीच्या भानगडीत पडूच नका. आमच्या भागातल्या एका गटानं आधी पदाधिकारी ठरवले, मग लेटरहेड छापलं, मग सचिव कोण यावरून भांडण झालं. त्यांचा एकही कार्यक्रम झाला नाही, लेटरहेडची पाठकोरी बाजू आम्ही किराण्याच्या यादीला वापरली.

पहिल्यांदा कुणाकडे जाताना काही न्यावं का?

रिकाम्या हाती जा. येताना तुमच्या हातात डबा येईल, त्यात शेंगाचटणी नाहीतर आदल्या दिवशीची पुरणपोळी असेल. तो डबा धुऊन रिकामा परत द्यायचा नाही, एवढं पाळा. चमचाभर साखर घाला, पण रिकामा नको. मग त्या आपल्या डब्यात काही घालतात, तुम्ही पुन्हा काही घालता. माझ्या ओट्यावर आत्ता तीन डबे आहेत, दोन कुणाचे ते ठाऊक आहे. तिसऱ्याचं झाकण निळं आहे, कडेला नेलपॉलिशनं 'मं' लिहिलंय. ज्यांचा असेल त्यांनी सांगा, मी उद्या वांगी करणार आहे.